चूक कोणाची? मागून बसलेल्या किरकोळ धडकेनंतर विमा कंपनीशी होणारा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर किंवा तावडे हॉटेलचा परिसर, सायंकाळी या ठिकाणी गाड्या एकमेकींना चिकटूनच पुढे सरकतात आणि पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्याचा बंपर त्याच्या डिकीला लागतो. कोणाला खरचटतही नाही, परंतु बंपर, टेल लॅम्प आणि डेंटिंग-पेंटिंग धरून खर्च पाहता पाहता दहा-वीस हजारांच्या घरात जातो आणि चूक कोणाची हा वाद रस्त्यावरून गॅरेजमध्ये व तेथून विमा कंपनीच्या दारात पोहोचतो. खालील उत्तरे केवळ गाडीचे नुकसान झालेल्या अशा अपघातांपुरती आहेत. कोणी जखमी झाले असल्यास आधी दवाखाना आणि पोलीस. बाकी सर्व नंतर.

मागून धडक देणाऱ्याचीच चूक असते, असा कायदा आहे का?

असा सरसकट नियम कायद्यात लिहिलेला नाही, मात्र कायद्याचा कल मागच्या चालकाच्या विरोधात असतो हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पुढील वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल इतके अंतर मागच्या चालकाने राखलेच पाहिजे, असे बंधन पूर्वी १९८९ च्या रस्ता नियमांत होते आणि आता मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये आलेल्या एका प्रकरणात मोटार ट्रकच्या मागे अवघे दहा-पंधरा फूट अंतर ठेवून चालली होती. ट्रक अचानक थांबला हे कारण पुढे करूनही, पुरेसे अंतर राखले नव्हते या मुद्द्यावर मोटारीच्या बाजूचा दावा टिकला नाही.

तथापि, याच नियमांनी पुढच्या चालकावरही जबाबदारी टाकली आहे. सुरक्षेसाठी आवश्यक नसताना त्याने एकदम ब्रेक दाबू नये, अशी अपेक्षा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक थांबलेल्या मोटारीच्या चालकावर ५० टक्के दोष ठेवला, मागून येऊन तिला धडकलेल्या दुचाकीस्वारावर २० टक्के आणि त्याच्या मागच्या बसवर ३० टक्के. म्हणजे दोष वाटला जाऊ शकतो. ‘मागून ठोकले ना, मग विषय संपला’ असे कोणी म्हणाले, मग तो कंपनीचा प्रतिनिधी का असेना, तर ते अंतिम सत्य मानू नये.

मागच्या चालकाला कोणती कारणे खरोखर मांडता येतात?

पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट बंद होते. ती दुसऱ्या लेनमधून एकाएकी समोर घुसली आणि अंतर राखायला वेळच मिळाला नाही. ती विनाकारण रस्त्याच्या मध्येच थांबली. ती मागे येत होती. किंवा आपली गाडी थांबलेली असताना तिसऱ्याच वाहनाने आपल्याला पुढे ढकलले. यांपैकी प्रत्येक कारण पुराव्यावर उभे राहते, नुसत्या सांगण्यावर नाही. पुढे कुत्रे आले म्हणून समोरच्याने ब्रेक दाबला, हे मात्र मागच्या चालकाच्या उपयोगाचे नाही, कारण तसा ब्रेक दाबण्यास सबळ कारण होते आणि अंतर ठेवायचे ते नेमक्या अशाच प्रसंगासाठी.

पुढची गाडीच चढावर मागे घसरून माझ्यावर आली, परंतु तो चालक मीच ठोकले असे म्हणतो. हे सिद्ध कसे करावे?

पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर, विशेषतः रविवारच्या गर्दीत, हा प्रकार हमखास घडतो आणि नंतर पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंगांतील नुकसान सारखेच दिसते. नीट पाहिले तर ते सारखे नसते. मागची गाडी जोराचा ब्रेक दाबत धडकते तेव्हा तिचे नाक खाली झुकलेले असते, त्यामुळे तिच्या बंपरवरील खूण आणि पुढच्या गाडीवरील खूण, दोन्ही गाड्या शेजारी सपाट जागेवर उभ्या केल्यावर, एका उंचीवर जुळत नाहीत. मागच्या गाडीवरील खूण थोडी वर आणि पुढच्या गाडीवरील खूण थोडी खाली आढळते. थांबलेल्या गाडीवर दुसरी गाडी हळूच मागे आली असेल तर नाक झुकण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे खुणा बऱ्याच अंशी समान उंचीवर येतात. म्हणून दोन्ही बंपरांचे फोटो जमिनीपासून टेप धरून, आकडे स्पष्ट दिसतील असे घ्यावेत. हा पुरावा एकटा पुरेसा नसतो, परंतु सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासण्यासाठी विमा कंपनीने नेमलेल्या व्यक्तीला, तो समजतो आणि डॅशकॅमचे चित्रीकरण किंवा आपल्या मागच्या गाडीतील साक्षीदाराचा जबाब जोडीला असेल तर त्याचे वजन चांगलेच वाढते.

माझ्याच विमा कंपनीकडे क्लेम करायचा आहे. चूक माझी ठरली तर पैसे मिळणार नाहीत का?

मिळतात. सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहे. आपली पॉलिसी सर्वसमावेशक असेल, म्हणजे तीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असेल, तर ती भरपाई आपल्या आणि कंपनीच्या करारातून मिळते आणि अपघात कोणाच्या चुकीने झाला यावर ती अवलंबून नसते. वैध लायसन्स नसणे, मद्यपान करून चालवणे, खासगी गाडी भाड्याने चालवणे अशी कारणे क्लेम अडवू शकतात. ‘अंतर कमी ठेवले’ हे कारण अडवू शकत नाही. तसे कारण देऊन कोणी क्लेम नाकारत असेल तर पॉलिसीतील नेमकी अट लेखी मागावी.

पॉलिसी केवळ थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर स्वतःच्या गाडीसाठी तिच्यातून काहीही मिळत नाही. तेव्हा चूक कोणाची हा प्रश्न एकदम निर्णायक होतो, कारण समोरच्याची चूक सिद्ध करणे हाच मार्ग उरतो.

चूक समोरच्याची असताना माझा नो क्लेम बोनस का जावा?

हा अन्याय वाटणे अगदी स्वाभाविक आहे, परंतु आपल्याकडील पद्धतीत हा बोनस, म्हणजे हप्त्यातील सूट, ‘निर्दोष’ असण्याचा नसून ‘क्लेम न करण्याचा’ आहे. एका वर्षाला २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, अशा पायऱ्या चढल्यावर एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो. बोनस सुरक्षित ठेवणारे पूरक संरक्षण घेतले असेल तर गोष्ट वेगळी. समोरच्याच्या विम्यातून भरपाई मिळाली, तरी आपला बोनस शाबूत राहतो.

म्हणूनच किरकोळ नुकसानीत आधी हिशेब करावा. उदाहरणादाखल, बंपर ६,००० रुपयांचा आणि डेंटिंग-पेंटिंग ४,००० रुपयांचे, असे १०,००० चे बिल धरू. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, म्हणजे ३,००० गेले. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा लागतो, म्हणजे सोपेपणासाठी पूर्ण ४,००० रंगकामाचे मानले तर ५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम, सहसा १,००० रुपये असते. हाती येतात ५,५००. आता बोनस ३५ टक्क्यांवर असून स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० असेल, तर क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपयांची सूट मिळाली असती, ती जाते. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळतात, म्हणजे आणखी २,४०० रुपये जातात. ५,५०० मिळवण्यासाठी दोन वर्षांत ६,००० गेले. शून्य घसारा संरक्षण असेल किंवा डिकीचा पत्रा आणि चासीपर्यंत मार पोहोचला असेल तर हिशेब उलटतो, आणि तेव्हा क्लेम अवश्य करावा.

समोरच्याच्या विमा कंपनीला पत्र लिहून थेट पैसे मागता येतात का?

पत्र लिहिता येते, परंतु केवळ पत्रावर पैसे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. आपला त्या कंपनीशी करार नाही. तिची जबाबदारी तिच्या ग्राहकाची चूक सिद्ध झाल्यावरच उभी राहते, आणि ती सिद्ध करण्याचे ठिकाण मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सामान्यतः ७.५ लाख रुपये असते. काही जण हप्त्यात थोडी बचत करण्यासाठी ती ६,००० रुपयांपर्यंत खाली आणतात, म्हणून समोरच्याच्या पॉलिसीची प्रत मिळाल्यावर हा आकडा पाहून घ्यावा.

समोरचा पॉलिसी दाखवत नसेल तर गाडी क्रमांकावरून एम-परिवहन ॲपमध्ये विमा कंपनी आणि मुदत पाहता येते. विमाच नसेल, तर भरपाई थेट वाहनमालकाकडून वसूल करावी लागते आणि विनाविमा वाहन चालवल्याचा गुन्हा वेगळा.

धडक बसल्यावर जागेवर नेमके काय गोळा करावे?

गाड्या हलवण्यापूर्वी, वाहतूक पूर्ण थांबवून न धरता, चार-पाच फोटो पुरेसे होतात: दोन्ही गाड्या नंबरप्लेटसह एकाच चौकटीत, रस्त्यावरील त्यांची जागा दाखवणारा लांबून एक, ब्रेकच्या खुणा किंवा फुटलेल्या काचेचे तुकडे, आणि दोन्ही नुकसानींचे जवळून फोटो. त्यानंतर गाड्या बाजूला घ्याव्यात. ब्रेक लाइटबद्दल शंका असेल तर समोरच्या चालकाला तिथेच ब्रेक दाबायला सांगून व्हिडिओ घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी तो दिवा दुरुस्त झालेला असतो. समोरच्याचे नाव, मोबाइल, लायसन्स व आरसीचा फोटो घ्यावा आणि पानपट्टीवाला, रिक्षावाला किंवा बसथांब्यावर उभे असलेले कोणी साक्ष द्यायला तयार असेल तर त्याचा क्रमांकही.

शहरातील मुख्य चौकांत पोलिसांचे सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, राजारामपुरी किंवा लक्ष्मीपुरीसारख्या बाजारपेठेत दुकानांचेही आहेत. दुकानांतील चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते. म्हणून त्याच सायंकाळी दुकानदाराला भेटून तेवढा भाग जपून ठेवण्याची विनंती करावी. पुढे प्रकरण न्यायाधिकरणात गेल्यास इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, तेव्हा मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत मूळ तारीख-वेळेचा तपशील राहत नाही.

पोलिसात गेलेच पाहिजे का?

कोणी जखमी नसेल आणि केवळ आपल्याच पॉलिसीवर क्लेम करायचा असेल तर बहुधा एफआयआरची गरज पडत नाही. मात्र समोरच्याची चूक सिद्ध करून त्याच्याकडून भरपाई घ्यायची असेल, समोरचा पळून गेला असेल किंवा तो धमकावत असेल, तर ज्या हद्दीत घटना घडली त्या पोलीस ठाण्यात, मग ते शाहूपुरी असो की जुना राजवाडा, त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि पोचेची प्रत घ्यावी. पंचनामा झाला तर तो वाचूनच सही करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघाताची माहिती विमा कंपनीला देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, हेही ध्यानात असावे. कळवायला थोडा उशीर झाला तर केवळ त्या कारणाने खरा क्लेम नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवले आहे. तरीही त्या आधारावर विसंबून राहू नये.

‘जाऊ दे भावा, किरकोळ हाय, इथंच मिटवूया’ असे समोरचा म्हणाला तर?

नुकसान खरोखर ओरखड्यापुरते असेल तर मिटवणे शहाणपणाचे आहे. परंतु बंपर आत दबला असेल तर वरून काही दिसत नसताना आतील पट्टी, सेन्सर किंवा डिकीचे लॉक बिघडलेले असू शकते, आणि दोन हजार घेऊन ‘आता काही मागणे नाही’ असे लिहून दिल्यावर मग पुढचा रस्ता बंद होतो. म्हणून गॅरेजमधून अंदाजपत्रक आणल्यावरच रक्कम ठरवावी, ती ऑनलाइन घ्यावी व चार ओळींचा मजकूर दोघांच्या सहीने करावा.

चूक आपली असो वा नसो, ‘सर्वस्वी माझी चूक आहे, सर्व खर्च मी देईन’ असे जागेवर लिहून देऊ नये. पॉलिसीच्या सर्वसाधारण अटींत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष कबूल करण्यास किंवा रक्कम देण्याचे वचन देण्यास मनाई असते. याचा अर्थ खोटे बोलावे असा मुळीच नाही. जे घडले ते जसेच्या तसे सांगावे; निष्कर्ष मात्र लिहून देऊ नये. आणि समोरच्याकडून दुरुस्तीचे पूर्ण पैसे घेऊन तोच खर्च पुन्हा आपल्या कंपनीकडून मागणे ही फसवणूक आहे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

‘नुकसान तुमच्या सांगण्याशी जुळत नाही’ असे सर्व्हेअर म्हणतो. काय करावे?

सर्व्हेअर येण्यापूर्वी गाडी दुरुस्तीला उघडू नये, आणि तो येईल तेव्हा शक्यतो स्वतः गॅरेजमध्ये हजर राहावे. जुने ओरखडे आणि नवे नुकसान वेगळे दाखवून द्यावे. सर्व एकत्र घुसवण्याचा मोह गॅरेजवाल्याला झाला तरी आपण तो होऊ देऊ नये, कारण एक जुना डाग सापडला की संपूर्ण क्लेमवर संशय येतो. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, अहवाल त्यानंतर १५ दिवसांत आणि कंपनीचा निर्णय अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत व्हायला हवा. अहवालाची प्रत लेखी मागावी. बहुतेक वाद ती प्रत हातात आल्यावरच सुटू लागतात, कारण ‘जुळत नाही’ म्हणजे नेमके काय हे तोपर्यंत कोणीच सांगितलेले नसते.

कंपनीने फोनवरच ‘क्लेम होणार नाही’ असे कळवले. उत्तर कसे द्यावे?

फोनवर वाद घालू नये. ईमेलने पुढील आशयाचे लिहावे: ‘आपल्या प्रतिनिधीने आज दूरध्वनीवर माझा क्लेम नामंजूर असल्याचे कळवले. कृपया नामंजुरीचे कारण, पॉलिसीतील ज्या अटीचा आधार घेतला तिचा क्रमांक आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी द्यावी. घटनेचे फोटो, साक्षीदाराचे निवेदन व पोलीस अर्जाची पोच सोबत जोडली आहे.’ संताप कितीही रास्त असला तरी पत्रात तारीख, वेळ आणि ठिकाण यांपलीकडे काही नसावे. हेच पत्र पुढे विमा लोकपालासमोर किंवा ग्राहक आयोगासमोर वाचले जाणार आहे.

त्यानंतर दाद कोठे मागावी?

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे प्रकरण चालते, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे. किरकोळ क्लेमसाठी सर्वसामान्य माणसाला हाच मार्ग सर्वांत परवडणारा आहे.

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेही जाता येते. तेथे मुदत दोन वर्षांची असून ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. लोकपाल आणि आयोग हे दोन्ही मार्ग आपल्या स्वतःच्या विमा कंपनीविरुद्धच उघडे आहेत. समोरच्याच्या कंपनीचे आपण ग्राहक नाही, त्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार येथे टिकत नाही.

तीन गाड्या एकामागोमाग धडकल्या आणि मी मधला होतो. माझी जबाबदारी किती?

आपण आधीच थांबलेले होतो आणि मागच्याने ढकलल्यामुळे पुढच्यावर गेलो, की आपण आधी पुढच्याला धडकलो आणि मग मागच्याने आपल्याला ठोकले, यावर सर्व अवलंबून आहे. पुढच्या चालकाला विचारावे: धक्का एकदा बसला की दोनदा? एकच धक्का बसला असेल तर मधला चालक बहुधा थांबलेला होता. दोन धक्के असतील तर पहिला त्याचा असण्याची शक्यता अधिक. हे उत्तर त्याच्याकडून तिथेच मेसेजवर लिहून घ्यावे.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला रात्री मागून लागले. दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. दोष माझाच का?

गळीत हंगामात कागल, शिरोली किंवा गगनबावड्याच्या रस्त्यावर हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेले वाहन रात्री रस्त्यावर उभे करणे हा निष्काळजीपणाच आहे आणि तो मांडता येतो. परंतु आपला वेग हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल इतका होता का, हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल. ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो त्याच अंधारात घ्यावा. आणि ट्रॅक्टरसोबत जोडलेल्या ट्रॉलीचा क्रमांकही टिपावा, कारण अनेकदा ट्रॅक्टरचा विमा असतो आणि ट्रॉलीचा नसतो.

न्यायाधिकरणात दावा करायचा झाल्यास कोल्हापुरात कोठे जावे लागते?

कसबा बावडा येथील न्यायसंकुलात. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन आले आहे, तेव्हा लोकपालाची वाट पाहत ही मुदत घालवू नये. दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. दुरुस्तीची मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, पोलीस कागदपत्रे आणि दोन्ही गाड्यांच्या पॉलिसी लागतात. आपल्या कंपनीकडून काही रक्कम मिळाली असेल तर ती दावा करताना उघड करावी. तीच रक्कम दुसऱ्यांदा मागता येत नाही.

पंधरा-वीस हजारांच्या नुकसानीसाठी पूर्ण सुनावणी लढवणे वेळेच्या दृष्टीने महागच पडते, म्हणून दावा दाखल झाल्यावर राष्ट्रीय लोकअदालतीत तो ठेवण्याची विनंती करणे सर्वांत व्यवहार्य वाटते. तेथील तडजोडीवर अपील नसते. तसेही, वादातील रक्कम १ लाखाहून कमी असेल तर न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर अपील करता येत नाही. त्यामुळे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असले तरी बंपर-डिकीचे वाद कसबा बावड्यातच संपतात, आणि फोटो, जबाब व बिले यांची फाइल पहिल्याच तारखेला पूर्ण असावी लागते.